पगाराची तारीख

"यात पगाराची तारीख कुठंय?"

जुलै २०२२. वडाळ्याची बेस्ट वसाहत, बाहेर धो धो पाऊस, आणि चटईवर पसरलेली एका फुटबॉल क्लबच्या कराराची बावीस पानं. दोन तास मी एकेक पान मराठीत समजावून सांगत होतो. रक्कम सांगितली, बोनस सांगितला, राहण्या-जेवणाची सोय सांगितली. मी फुटबॉलपटूंचा एजंट. काका म्हणजे खेळाडूचे वडील, बेस्टमध्ये कंडक्टर. ड्युटी संपवून आले होते, खाकी शर्ट अजून अंगावरच होता. रकमेवर ते चकार शब्द बोलले नाहीत. नवव्या कलमावर मात्र त्यांनी मला थांबवलं आणि तीनदा वाचायला लावलं.

त्या कलमात लिहिलं होतं की मानधन 'हंगामाच्या वेळापत्रकानुसार हप्त्यांत' दिलं जाईल.

"वेळापत्रक कोण ठरवणार?" काकांनी विचारलं.

"लीग."

"मग लीगनं वेळापत्रक पुढं ढकललं तर पोराचा पगारही पुढं जाणार?"

मी गप्प झालो. हे काम करायला लागून मला सहा वर्षं झाली होती. असंच कलम आधीच्या कितीतरी करारांत माझ्या नजरेखालून गेलं होतं आणि मी त्याच्यावर बोटही ठेवलं नव्हतं. काका म्हणाले, "आमच्या युनियनच्या करारात आधी तारीख बघतात, मग वाढ किती ते बघतात. वाढ कागदावर असते. तारीख घरात येते."

तीन वर्षांनी त्या एका वाक्यावर त्या मुलाचं घर चाललं. तो सगळा प्रवास सांगतो.

मुंबईत 'एजंट' म्हटलं की आरटीओबाहेर टेबल मांडून बसलेला माणूस आठवतो, नाहीतर भाड्याची खोली दाखवून महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागणारा. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा काकांनी "आम्हाला एजंट नको" म्हणून फोन ठेवून दिला होता. मला त्याचा राग आला नाही. एजंटशिवाय आणि चुकीच्या एजंटमुळे काय होतं, दोन्ही मी जवळून पाहिलेलं होतं.

मी स्वतः मुंबईच्या हारवुड फुटबॉल लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळलो. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळ सुटला. एलएलबी केलं, पण सनद घेतली नाही. फोर्टातल्या एका कचेरीत सागरी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तयार करायचो. आमच्या टीममध्ये एक मिडफिल्डर होता, आम्हा सगळ्यांपेक्षा कितीतरी पुढचा. त्याला बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबने घेतलं. हॉटेलच्या लॉबीत उभ्या उभ्या सही झाली. पाचव्या महिन्यात घोटा मोडला. क्लबने त्याच्या हातात एक पत्र दिलं: तीस दिवसांपेक्षा जास्त काळ अनफिट राहिल्यास करार संपुष्टात आणण्याचा अधिकार क्लबकडे आहे. तीन महिन्यांचा पगार आधीच थकला होता. कुबड्या घेऊन तो माझ्याकडे आला, करार प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

"वाचला होतास?" मी विचारलं.

"इंग्रजीत होता रे सगळा. शेवटच्या पानावर सही कर म्हणाले, केली."

मी पत्रं लिहिली, फोन केले, पण हाती काही लागलं नाही. देशाच्या फुटबॉल फेडरेशनकडे तक्रार कुठे करायची, खेळाडूंच्या वादांसाठी तिथे प्लेअर स्टेटस कमिटी असते, एवढंसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. समजलं तोवर फार उशीर झाला होता. आज तो सकाळी मुलांना शिकवतो आणि दिवसभर कुरिअरचं काम करतो. त्याचा तो करार मी अजून जपून ठेवलाय.

त्याच सुमारास नियमही बदलले. १ एप्रिल २०१५ पासून फिफाने एजंटांची परवाना परीक्षा बंद केली आणि 'इंटरमीडियरी' नावाची सोपी व्यवस्था आणली. फेडरेशनकडे नाव नोंदवायचं, की झालात मध्यस्थ. मी २०१६ मध्ये नोंदणी केली. दार माझ्यासाठी उघडलं तसं सगळ्यांसाठीच उघडलं होतं. खेळाडूचा मेहुणा, कार्यक्रमांचं आयोजन करणारा, जिमवाला, कोणीही करारावर मध्यस्थ म्हणून सही करत होता. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झालेली. २०१५ मध्ये मुंबईत लिलाव झाला तेव्हा सुनील छेत्रीवर १ कोटी २० लाखांची बोली लागली. ती बातमी प्रत्येक फुटबॉलवेड्या पोराच्या घरी पोहोचली होती. पैसा दिसला की माणसं जमतात. ती जमली.

वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर उभा राहिलो की मला नेहमी एक गोष्ट डाचते. ज्याचं नाव त्या मैदानाला आहे त्या मुंबईच्या सेंटर फॉरवर्डने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि भारत चौथा आला. त्याच्या पिढीला करार नव्हता, नोकरी होती. पुढेही कितीतरी वर्षं मुंबईत तेच चाललं. रेल्वे, बँका, एअर इंडिया, टाटा, मफतलाल, ओर्के मिल. खेळ संपला तरी टेबल आणि पगार शाबूत राहायचा. काका तरुणपणी कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून रोव्हर्स कप बघायचे, ते याच काळात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने फुटबॉल खेळायचा तो नोकरी लागावी म्हणून.

त्यांचा मुलगा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू. २०२२ च्या सुरुवातीला स्थानिक लीगच्या एका सामन्यात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. क्रॉस चांगले टाकत होता, पण तेवढ्यावर मी कुणाच्या घरी जात नाही. त्याच्या चुकीने गोल झाला आणि पुढच्याच मिनिटाला त्याने सेंटर बॅककडे हात करून बॉल मागितला. चूक झाल्यावर लपणारे पुष्कळ असतात. हा लपला नाही.

काकांनी दुसऱ्यांदा फोन घेतला तो त्याच्या कोचने शब्द टाकल्यावर. घरी गेलो तेव्हा त्यांचा प्रश्न तयारच होता. "रेल्वेत क्रीडा कोट्यातून चान्स आहे असं सांगतात. तुमच्या क्लबपेक्षा ते बरं नाही का?"

इथे माझी खरी परीक्षा होती. रेल्वेच्या नोकरीत एजंटला एक पैसा मिळत नाही. क्लबशी करार झाला तर मिळतो. म्हणजे माझा सल्ला माझ्याच खिशाला चिकटलेला. मी ते त्यांना आधी सांगून टाकलं, आणि मग हिशोब मांडला. क्रीडा कोट्यातली भरती साधारण १८ ते २५ या वयात होते. मुलगा वीसचा. दोन हंगामांचा करार केला तर बाविसाव्या वर्षी तो पुन्हा मोकळा आणि रेल्वेचं दार तेव्हाही उघडं. पाच वर्षांचा करार केला तर पंचविशी क्लबमध्येच जाईल. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो आणि क्लबला तेवढाच हवा असतो. "आपण दोनच्या वर जायचं नाही," मी म्हणालो. काकांनी चहा पुढे केला. तेव्हापासून ते मला "वकील" म्हणतात. मी वकील नाही असं चारदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आमच्या दोघांतला कागद आधी झाला. दोन वर्षांचा प्रतिनिधित्वाचा करार, फी ५ टक्के, तीही त्याच्या हातात पगार पडल्यावर दर तीन महिन्यांनी. बाजारात फिरणाऱ्या नमुन्यांमध्ये एक कलम हमखास असायचं: मुदत संपल्यावर खेळाडू दुसऱ्या एजंटकडे जाणार असेल तर आधी जुन्याला विचारायचं, त्याने तेवढीच अट मान्य केली तर त्याच्याकडेच राहायचं. झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच अशी मुदतीनंतरची अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही असं सांगितलं आहे. तरी ती अजून लिहिली जाते, कारण सही करणाऱ्या पोराला ते माहीत नसतं. मी ते कलम कधी ठेवलं नाही. दोन वर्षांनी मुलाला मी नको असेन तर त्याने खुशाल जावं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे आईवडीलही येतात. "आत्ताच सही घ्या, साहेब, तुम्हीच सांभाळा." त्या सह्या मी घेत नाही. अल्पवयीन मुलाची सही कराराला चालत नाही हे तर आहेच, पण सतराव्या वर्षी मुलाला एजंटपेक्षा कोच, दूध-अंडी आणि शाळा जास्त लागते.

आता वाटाघाटी. लोकांना वाटतं आम्ही एसी रूममध्ये बसून आकडे फेकतो. माझं निम्म्याहून जास्त काम आधी वहीत होतं. पहिल्या पानावर समोरच्या क्लबचे लेफ्ट बॅक. त्या क्लबकडे एक होता, ३३ वर्षांचा, त्याचा करार पुढच्या मे महिन्यात संपणारा. दुसऱ्याला त्यांनी लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, पाठवलेलं. दुसऱ्या पानावर नियम. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात, म्हणजे सात भारतीय लागतातच. क्लब आपले परदेशी खेळाडू स्ट्रायकर, मधली फळी आणि सेंटर बॅक या जागांवर खर्च करतात. म्हणून चांगल्या भारतीय फुल बॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, जी किंमत आहे ती चांगल्या भारतीय स्ट्रायकरलासुद्धा पुष्कळदा नसते. हे कळलं की आपण हात पसरायला आलेलो नाही, हे स्वतःलाच पटतं. तिसऱ्या पानावर एक रेघ आणि तिच्या वर एक आकडा. त्याच्या खाली उतरायचं नाही. ही रेघ घरीच, मुलाच्या समोर ओढायची. हॉटेलात कॉफी समोर असताना ओढलेली रेघ खाली खाली सरकत जाते.

अंधेरीच्या एका हॉटेलात तीन बैठका झाल्या. समोर क्लबचा फुटबॉलचा कारभार बघणारे गृहस्थ, अनुभवी, बोलायला मऊ. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त रक्कम काढली. रक्कम ठरली की माणूस सैल पडतो आणि बाकीची पानं वाचायची राहतात, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मी रक्कम शेवटी ठेवू म्हणालो.

बोनसवर पहिली अडचण आली. 'पहिल्या अकरात' खेळल्यास प्रत्येक सामन्याला अमुक. वाचायला छान. पण वीस वर्षांचा नवा फुल बॅक पहिल्या हंगामात बेंचवर बसतो, सत्तराव्या मिनिटाला उतरतो. म्हणजे ते पैसे कागदावरच राहणार. बदली म्हणून उतरला तरी निम्मा बोनस, असं मी मागितलं. ते मिळालं.

मग दुखापत. मित्राचा करार मी त्या दिवशी बॅगेत नेला होता. काढला नाही, पण नेला होता. सराव किंवा सामन्यातली दुखापत असेल तर उपचार क्लबचा, पगार चालू, आणि शस्त्रक्रिया लागली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क खेळाडूला. यावर मी हललो नाही. त्यांनी एक ओळ घातली होती की करार मेडिकल पास होण्याच्या अटीवर लागू होईल. फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमांच्या कलम १८ प्रमाणे कराराची वैधता मेडिकलवर टांगून ठेवता येत नाही. मेडिकल करायची तर सहीच्या आधी करा. त्यांनी मान डोलावली आणि ती ओळ खोडली. त्यांना हा नियम माहीत होता. समोरच्याला माहीत आहे का, एवढंच बघायचं होतं.

तिसऱ्या बैठकीला जाताना काकांचं नववं कलम घेऊन गेलो.

"आमचे सगळे करार याच नमुन्यात आहेत," ते म्हणाले. "एकासाठी बदललं तर सगळे मागतील."

"स्टेडियमच्या भाड्याची तारीख ठरलेली आहे ना तुमची? बसवाल्याची? हॉटेलची?" मी विचारलं. "मग खेळाडूचीच का नाही?"

ते बाहेर जाऊन वीस मिनिटं फोनवर बोलले. परत आले ते तोड घेऊन. दर महिन्याच्या १० तारखेच्या आत, बारा समान हप्ते, 'लीगचे सामने खेळले जावोत अथवा न जावोत'. शिवाय दोन महिन्यांचा पगार थकला, लेखी नोटीस दिली आणि १५ दिवसांत तो आला नाही तर खेळाडू करार मोडू शकतो. फिफाच्या नियमांत हे १४ बिस या कलमाखाली आहेच, मला ते करारातही शब्दशः हवं होतं. बदल्यात त्यांना एक ऑप्शन वर्ष हवं होतं. दोन हंगाम संपल्यावर तिसरं वर्ष घ्यायचं की नाही हे फक्त क्लब ठरवणार, पगारात थोडी ठरलेली वाढ देऊन.

मी फोन करून घरी विचारलं. मुलगा म्हणाला, "दादा, तुला काय वाटतं?" मी म्हणालो, तारीख घेऊ, वर्ष देऊ. लीग थांबेल असं तेव्हा त्या गृहस्थांनाही वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यांनी ती ओळ फार त्रास न घेता दिली याचं कारणही तेच असावं.

रक्कम शेवटच्या पाऊण तासात ठरली, रेघेच्या थोडी वर. आकडा मी सांगणार नाही, तो त्याचा आहे. सही झाली, करार फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत चढला. काकूंनी त्याची प्रत रात्रभर देव्हाऱ्यापुढे ठेवली.

या धंद्यातल्या पैशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण तरुण मुलं विचारत असतात. वर्षाला २० लाख मिळवणाऱ्या खेळाडूवर ५ टक्के म्हणजे मला वर्षाला १ लाख, तेही चार हप्त्यांत. त्यातून प्रवास, फोन, दिल्ली-गोवा-कोलकात्याचे दौरे. सात-आठ खेळाडू चांगले स्थिरावल्याशिवाय मुंबईत घर चालत नाही. माझी ती कचेरीतली नोकरी मी २०२३ पर्यंत सोडली नव्हती. फिफाच्या नव्या नियमांत वर्षाला २ लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर खेळाडूकडून ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर ३ टक्के अशी मर्यादा घातली होती. आपल्याकडच्या बहुतेक भारतीय खेळाडूंची कमाई त्या रेषेपर्यंत जातच नाही. ती मर्यादा युरोपातल्या मोठ्या एजंटांना झोंबली, जर्मनीतल्या न्यायालयात गेली आणि ३० डिसेंबर २०२३ ला फिफाने त्यासह बरेच नियम स्थगित केले. माझ्या पाच टक्क्यांत त्याने काही फरक पडला नाही.

परीक्षा मात्र परत आली. जानेवारी २०२३ पासून नवे नियम, एप्रिलच्या १९ तारखेला जगभर एकाच दिवशी पहिला पेपर. मी दिल्लीला जाऊन दिला. वीस प्रश्न, साठ मिनिटं, पास व्हायला ७५ टक्के, म्हणजे पंधरा बरोबर. नियमावली जवळ ठेवता येते, पण एका प्रश्नाला तीन मिनिटं मिळतात आणि नियमावली शेकडो पानांची. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. चार महिने मी विरार लोकलमध्ये उभ्याने अभ्यास केला आणि प्रत्येक कलमाचं मराठी करून वहीत लिहिलं. परीक्षेला ते लागणार नव्हतं. पण जे मला मराठीत सांगता येत नाही ते मला समजलेलं नसतं, हे त्या वडाळ्याच्या चटईवर मला कळलं होतं. जगभरात जेमतेम निम्मे पास झाले. मी झालो. परवान्याची फी दरवर्षी ६०० डॉलर, आपले तेव्हाचे जवळजवळ पन्नास हजार रुपये. पण लायकीचा कागद हातात असणं मला पटतं. कुणीही उठून पोरांचे करार करावेत असे दिवस परत येऊ नयेत.

२०२४ मध्ये मात्र मी दिलेल्या त्या ऑप्शन वर्षाची किंमत मोजावी लागली. मुलगा दुसऱ्या हंगामात नियमित खेळला. दोन क्लबांनी चौकशी केली, एकाचा आकडा फार मोठा होता. पण त्याचा क्लब शांतपणे म्हणाला, "आम्ही ऑप्शन वापरू शकतो." तसं झालं असतं तर आणखी एक वर्ष जुन्याच चौकटीत काढावं लागलं असतं. शेवटी ऑप्शनऐवजी त्याच क्लबशी मे २०२६ पर्यंतचा नवा करार झाला, पगार वाढला, पण बाजारात मिळाला असता त्यापेक्षा बराच कमी. मी काका आणि मुलासमोर बसून कबूल केलं की हे माझ्या २०२२ च्या निर्णयामुळे झालं. मुलगा काही बोलला नाही. काकांनी विचारलं, "तारीख आहे ना अजून?" होती. नववं कलम जसंच्या तसं ठेवलं होतं.

जुलै २०२५ मध्ये आयएसएल थांबली. लीगचे व्यावसायिक हक्क फेडरेशनने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी दिले होते, ती मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती, पुढे काय ते ठरलेलं नव्हतं. लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम स्थगित असल्याचं कळवलं. सराव शिबिरं रद्द झाली. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगारच थांबवले. माझा फोन रात्री दोनपर्यंत वाजायचा. "दादा, ईएमआय जाणार आहे उद्या." "साहेब, पोरगं घरी बसून आहे, काय सांगता?"

लेफ्ट बॅक वडाळ्याला परतला. पहाटे उठून एकटाच पळायचा. १० ऑगस्टला पगार आला नाही. १० सप्टेंबरलाही नाही. क्लबचं पत्र आलं: हंगाम अनिश्चित असल्याने देयकं पुढील सूचनेपर्यंत स्थगित.

मी नोटिशीचा मसुदा घेऊन गेलो. मुलगा रागात होता. "करार मोडून टाकू, दादा." कायद्याने तो पंधरा दिवसांनी मोकळा झाला असता. पण जाणार कुठे? सगळीच लीग बंद. आणि मोकळ्या खेळाडूला त्या दिवसांत कोण विचारणार?

काका कोपऱ्यात ऐकत होते. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला, तेव्हा ते त्यात होते. त्यांनी चष्मा काढला. "संपाची नोटीस देणं वेगळं आणि संपावर जाणं वेगळं," ते म्हणाले. "नोटीस दिली की समोरचा हिशोब करायला बसतो. संपावर गेलो की आपल्याला हिशोब करावा लागतो. नऊ दिवसांत घरातला किती किराणा संपतो ते मला विचार."

नोटीस गेली. तीत लीगचा, हंगामाचा, हक्कांच्या वादाचा उल्लेखच नव्हता. फक्त नववं कलम, दोन तारखा, दोन रकमा, पंधरा दिवस. क्लबच्या वकिलाचा फोन आला, त्याने पहिल्यांदा 'अपरिहार्य परिस्थिती' हा शब्द काढला. मी त्याला 'सामने खेळले जावोत अथवा न जावोत' ही ओळ वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. तेराव्या दिवशी एक महिन्याचा पगार खात्यात आला आणि उरलेल्याच्या तारखा लेखी मिळाल्या. त्या पाळल्याही गेल्या, एक हप्ता चार दिवस उशिरा.

पण माझे आणखी दोन खेळाडू वेगळ्या क्लबांत होते. त्यांचे करार मी केले होते तेव्हा क्लबांनी तारखेवर नकार दिला आणि मी बाकीचं सांभाळण्यासाठी सोडून दिलं होतं. त्यांच्या करारात 'हंगामाच्या वेळापत्रकानुसार' तसंच राहिलं होतं. एकाला निम्म्या रकमेवर तडजोड करावी लागली. दुसऱ्याचं प्रकरण अजून चालू आहे. त्याच्या आईचा फोन आला की मी आधी उभा राहतो आणि मग उचलतो. त्या महिन्यांत माझीही फी थांबली होती, जुन्या कचेरीतून विम्याच्या दाव्यांचं काम घरी आणून केलं. पण ते सहन होतं. त्या माउलीला उत्तर देणं होत नाही.

डिसेंबरमध्ये एक नवा प्रस्ताव आला. करार मे अखेरीला संपतोय, शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडूला दुसऱ्या क्लबशी बोलता येतं. रक्कम आत्तापेक्षा कमी, मुदत तीन वर्षं. त्याच आठवड्यात मुलाच्या जुन्या कोचने रेल्वेच्या भरतीची बातमी आणली. मुलगा आता चोवीसच्या उंबरठ्यावर आहे. २०२२ मध्ये ज्या दाराबद्दल मी बोललो होतो ते अजून उघडं आहे, पण फार दिवस नाही.

पुन्हा तीच चटई. काका आता निवृत्तीला आलेत, अंगात घरचा सदरा. काकूंनी पोह्यांच्या बशा ठेवल्या. मी पानं पसरली आणि मराठीत सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात मुलाने ती माझ्या हातून घेतली.

"थांब दादा, मी वाचतो. चुकलं तर सांग."

तो हळूहळू वाचत होता, एकेक वाक्य इंग्रजीतून वाचायचा आणि वडिलांना मराठीत सांगायचा. बोनसपाशी थांबला, बदली उतरल्यावर काय ते शोधलं, पेन्सिलने खूण केली. दुखापतीच्या कलमावर दोनदा मागे गेला. मेडिकलची ओळ नव्हती. मग पान उलटलं, कपाळाला आठ्या पडल्या, बोट एका ओळीवर ठेवून त्याने कागद वडिलांकडे सरकवला.

"बाबा, हे बघा. 'लीग प्रत्यक्ष चालू असलेल्या महिन्यांत.'"

काकांनी चष्मा लावला.